ख्रिस्ती धर्मसंज्ञापनातील नवता आणि मराठी श्रोता

१

मराठी वाङ्मयेतिहासात ख्रिस्ती वाङ्मयाचा परामर्श बहुधा एका स्वतंत्र प्रकरणात घेतला जातो आणि त्या प्रकरणाची मांडणी 'पहिलेपणा'च्या सूत्राने केलेली आढळते. पहिला छापखाना, छापलेले पहिले व्याकरण, पहिली कादंबरी, दीर्घकाळ चाललेले पहिले मिशनरी नियतकालिक अशी ही नोंद असते. नोंद खोटी नाही. परंतु तिच्यामुळे एक मूलभूत प्रश्न दृष्टीआड होतो. धर्मसंस्थेने एखादी नवी रीत स्वीकारली ती कोणासाठी, आणि ज्याच्यासाठी ती स्वीकारली त्याच्यापर्यंत ती पोहोचली काय? ज्या वाङ्मयाचे प्रयोजनच मुळी संदेश पोहोचविणे हे आहे, त्याच्या बाबतीत हा प्रश्न वाङ्मयबाह्य मानता येत नाही. तो त्या वाङ्मयाच्या रूपाचाच प्रश्न होय.

प्रस्तुत निबंधात 'संज्ञापन' हा शब्द व्यापक अर्थाने योजिला आहे. प्रवचन, गीत, कीर्तन, पुराण, पत्रक, मासिक, धर्मग्रंथाचे भाषांतर ही सर्व संज्ञापनाची रूपे आहेत. त्यांतील नवता दोन ठिकाणी संभवते. एक, साधनात : खिळे, यंत्र, लिपी, नियतकालिकाची व्यवस्था. दुसरी, रूपात : छंद, निवेदनपद्धती, चाल, संबोधन. या दोन नवता नेहमी एकत्र येतात असे नाही. कित्येकदा त्या परस्परविरोधी दिशांनी जातात. मराठीतील ख्रिस्ती संज्ञापनाच्या चार शतकांच्या वाटचालीत हा विरोध वारंवार दिसतो, आणि प्रत्येक वेळी निर्णायक ठरतो तो श्रोता. त्याला ऐकण्यापलीकडे काही करता येते की नाही, यावर त्या त्या नवतेचे मूल्य अवलंबून राहिलेले आहे.

२

गोव्यात जेझुइटांचा छापखाना १५५६ साली आला. भारतातील मुद्रणाचा इतिहास येथून सुरू होतो. हे यंत्र आले तेव्हा त्याच्या आधारे स्थानिक जनांशी बोलण्याची सामग्री मात्र सिद्ध नव्हती. होते ते पोर्तुगीज आणि लॅटिन. पुढील साठ वर्षांत घडलेली महत्त्वाची गोष्ट यंत्राच्या बाजूने नव्हे, तर एका इंग्रज जेझुइटाच्या कानाच्या बाजूने घडली. थॉमस स्टीफन्स १५७९ च्या ऑक्टोबरात गोव्यास आला आणि १६१९ मध्ये तेथेच मृत्यू पावला. आयुष्याची चाळीस वर्षे त्याने प्रामुख्याने साष्टीत काढली. १५८३ मध्ये भावाला लिहिलेल्या पत्रात त्याने येथील भाषांची रचना ग्रीक व लॅटिन भाषांशी मिळतीजुळती असल्याचे नमूद केले. भाषाशास्त्राच्या इतिहासकारांनी या उल्लेखाचे पुष्कळ कौतुक केले आहे. संज्ञापनाच्या दृष्टीने त्याहून लक्षणीय गोष्ट ही की, येथील पद्य कसे ऐकले जाते हे त्याने ओळखले.

'ख्रिस्तपुराण' १६१६ साली राचोल येथे छापून प्रसिद्ध झाले. सुमारे अकरा हजार ओव्या, 'पहिले पुराण' व 'दुसरे पुराण' असे दोन भाग, पहिल्यात ३६ आणि दुसऱ्यात ५९ अवस्वर. १६४९ व १६५४ साली त्याच्या पुनरावृत्ती निघाल्या. ग्रंथाचे मूळ शीर्षक पोर्तुगीज असून त्याचा आशय 'आपला तारक येशू ख्रिस्त याच्या जगातील आगमनाविषयी निरूपण' असा आहे. 'पुराण' हे नाव लोकांत रूढ झाले ते रूपामुळे. आरंभीचे ईशस्तवन मराठी पुराणकाराच्या मंगलाचरणाच्या वळणाने येते, फक्त तेथे त्र्यैक्याला वंदन आहे. स्वर्गासाठी 'वैकुंठ' हा शब्द बिनदिक्कत येतो. ग्रंथाच्या गद्य प्रस्तावनेत कवीने आपले भाषाविषयक धोरण सांगितले आहे : जुन्या कवींचे दुर्बोध शब्द टाळून, तेथील ब्राह्मणी बोलीतील, म्हणजे कोकणीतील, शब्द मराठीत मिसळले आहेत, ते कळणे सोपे जावे म्हणून. ग्रांथिक मराठीची प्रतिष्ठा राखायची आणि साष्टीतील श्रोत्याला अडखळू द्यायचे नाही, अशी ही दुहेरी कसरत आहे. एकनाथांच्या नंतरच्या पिढीत, भिन्नधर्मीय परकीयाने असा विवेक दाखवावा याचे महत्त्व आजही पुरते ओळखले गेलेले नाही. पाठ्यपुस्तकांतून मराठीच्या गौरवाच्या त्याच्या दोन-चार ओव्या तेवढ्या फिरत राहिल्या.

परंतु या नवतेमागची परिस्थिती विसरून तिचे मूल्यमापन करणे न्याय्य होणार नाही. सोळाव्या शतकाच्या मध्यापासून गोव्याच्या पोर्तुगीज अंमलाखालील भागात देवळे पाडली गेली, हिंदू ग्रंथ जप्त झाले, त्यांच्या पठणास मज्जाव झाला. धर्मांतरित कुटुंबाचे पुराणश्रवण तुटले. ख्रिस्तपुराणाच्या पहिल्याच अवस्वरात याची स्पष्ट जाणीव आहे. तेथे एक श्रोता पाद्रीगुरूला विचारतो की, आमची जुनी पुराणे तुम्ही वर्ज्य केलीत, मग त्यांच्या जागी आम्हांला दुसरे का देत नाही? हा प्रसंग कविकल्पित असेल, नसेल. त्याचे वाङ्मयीन स्थान मात्र विलक्षण आहे. ग्रंथाचा जन्म श्रोत्याच्या तक्रारीतून झाला असे कवी स्वतः मान्य करतो. जी पोकळी धर्मसंस्थेने निर्माण केली, ती भरून काढण्याची मागणी श्रोता करतो आणि ती मागणी पुराणाच्या रूपातच करतो. त्याला प्रश्नोत्तरी नको आहे. ती तर धर्मशाळेत पाठ करावीच लागे. त्याला हवी आहे बैठकीत ऐकावयाची कथा. पुढेही ग्रंथभर हा श्रोता मधूनमधून शंका विचारतो आणि गुरू उत्तर देतो. श्रोता-वक्ता संवादाची ही चौकट मराठी पुराणपरंपरेचीच आहे. तिच्यामुळे नवख्रिस्ती श्रोत्याला ग्रंथाच्या आत बसावयास जागा मिळाली.

ही परंपरा जेझुइटांनी अभ्यासली कशी, याचेही प्रमाण उपलब्ध आहे. पोर्तुगालमधील ब्रागा येथील ग्रंथालयात रोमन लिपीत उतरून घेतलेल्या मराठी व कोकणी हस्तलिखितांच्या संहिता आहेत; त्यांत रामायण-महाभारतातील कथा व मराठी संतकवींची रचना सापडते. जी पुस्तके श्रोत्यासाठी निषिद्ध ठरली, ती वक्त्याच्या अभ्यासिकेत राहिली, असा हा विरोधाभास आहे. ख्रिस्तपुराणाच्या भाषिक सौंदर्याची प्रशंसा करताना समीक्षकांनी त्याला सहसा स्पर्श केलेला नाही.

आता साधनाकडे वळावे. ग्रंथ मराठी, छंद ओवी, परंतु छापील अक्षर रोमन. हे स्टीफन्सच्या इच्छेविरुद्ध घडले. १६०८ च्या डिसेंबरात आपल्या संघाच्या प्रमुखाला, क्लाउदिओ आक्वाविव्हा यास, लिहिलेल्या पत्रात त्याने या देशाच्या भाषेत आणि लिपीत पुस्तके छापली जावीत अशी आपली फार दिवसांची उत्कंठा व्यक्त केली होती. मलबारकडील तमिळ मुद्रणाचे उदाहरण त्याच्यापुढे होते. अडचण म्हणून त्याने जी कारणे दिली, त्यांतील एक निव्वळ तांत्रिक आहे : युरोपीय वर्णमालेला चोवीस साचे पुरतात, येथे अक्षरागणिक, म्हणजे सुमारे सहाशे, साचे लागतील. नागरीतील जोडाक्षरांची ही समस्या पुढे दोनशे वर्षांनी मुंबईत सुटावयाची होती.

रोमन लिपीमुळे काय झाले? ग्रंथ वाचू शकणारे थोडे राहिले. धर्मग्रामाच्या शाळेत अक्षरे आणि गायन शिकलेले तेवढेच. परंतु ऐकणारे कमी झाले नाहीत, कारण ओवी वाचली जात नाही, म्हटली जाते. रविवारी व सणाच्या दिवसांत ख्रिस्तपुराण सामूहिकपणे म्हटले जात असल्याचे परंपरा सांगते, आणि गोव्यातून दक्षिणेकडे गेलेल्या ख्रिस्ती कुटुंबांनी ते मंगळूर परिसरात नेले. १६५४ नंतर छापील आवृत्ती निघाली नाही. पहिल्या तिन्ही आवृत्तींची एकही प्रत उपलब्ध नाही. तरीही १९०७ मध्ये जे. एल. सालढाणा यांना मंगळूर येथे ग्रंथाची नवी आवृत्ती सिद्ध करता आली, ती हस्तलिखितांच्या बळावर. यंत्र थांबल्यावर अडीचशे वर्षे ग्रंथ जगला तो छंदाच्या आश्रयाने. साधनाची नवता अल्पायुषी आणि रूपाची नवता दीर्घायुषी, याचे इतके स्वच्छ उदाहरण मराठीत दुसरे दाखविता येणार नाही.

स्टीफन्सच्या पाठोपाठ एत्येन द ला क्रुआ या फ्रेंच जेझुइटाचे सेंट पीटरवरील पुराण १६२९ ते १६३४ या काळात आले. तेही ओवीबद्ध आहे, विस्तारानेही ते ख्रिस्तपुराणाहून उणे नाही. परंतु त्यात हिंदू देवदेवतांच्या खंडनाला दिलेली जागा इतकी मोठी आहे की, श्रोत्याला संवादाऐवजी वादात उभे केले जाते. छंद तोच, लिपी तीच, छापखाना तोच. लोकांच्या तोंडी राहिले ते स्टीफन्सचे पुराण. केवळ देशी रूप उचलणे म्हणजे श्रोत्याला स्थान देणे नव्हे, हे या तुलनेवरून ध्यानी येते.

पुढे सत्तेनेच हे दार बंद केले. २७ जून १६८४ रोजी व्हाइसरॉय कोंद द आल्व्होर याने फर्मान काढून स्थानिक भाषेचा त्याग करण्याची व तीन वर्षांत पोर्तुगीज बोलू लागण्याची सक्ती केली. लोकांनी बोली सोडली नाही. धर्मसंस्थेने मात्र त्या भाषेत लिहिणे बव्हंशी सोडले. सतराव्या शतकात बहरलेली ही ग्रंथनिर्मिती पुढच्या शतकात सुकून गेली.

३

एकोणिसाव्या शतकातील प्रॉटेस्टंट मिशनांची कथा सर्वपरिचित असल्याने ती येथे थोडक्यात सांगणे पुरेसे आहे. बंगालमधील श्रीरामपूर येथे विल्यम कॅरीने पंडित वैजनाथ यांच्या साह्याने मराठीचे काम आरंभिले. १८०५ मध्ये व्याकरण, १८१० मध्ये कोश, १८११ मध्ये नवा करार. मराठीसाठी तेथे मोडीचे खिळे पाडले गेले. व्यवहारात मराठी माणूस मोडी लिहितो ही माहिती बरोबर होती. परंतु धार्मिक ग्रंथ तो बाळबोधीत वाचतो ही दुसरी माहिती तेवढीच महत्त्वाची होती, आणि ती मुंबईत बसलेल्यांना लवकर कळली. श्रोत्यापासून हजार मैलांवर बसून केलेली नवता कशी अर्धी चुकते, याचा हा नमुना.

मुंबईत अमेरिकन मिशनचा छापखाना १८१७ पासून मराठी छपाई करू लागला. येथे स्टीफन्सची सहाशे साच्यांची अडचण सुटली. थॉमस ग्रॅहम याने खिळ्यांच्या घडणीत केलेल्या कामामुळे नागरी मुद्रण सुबक झाले. आणि येथेच नवतेच्या मूल्याविषयीचा सर्वांत मनोवेधक प्रसंग घडला. मिशनच्या छपाईने प्रेरित होऊन गणपत कृष्णाजी यांनी शिळाछाप यंत्र उभे केले आणि १८३१ मध्ये पंचांग छापले. मिशनच्या छापखान्यात उमेदवारीत काम शिकलेले जावजी दादाजी पुढे स्वतंत्र झाले. १८६९ मध्ये त्यांनी निर्णयसागर छापखाना काढला आणि संस्कृत ग्रंथांच्या शुद्ध, स्वस्त व देखण्या आवृत्त्या देशभर पोहोचविल्या. शुभवर्तमानासाठी सिद्ध केलेली कला पंचांग आणि काव्यनाटके छापण्यात सर्वाधिक यशस्वी झाली! यात उपरोध पाहणे सोपे आहे. वास्तविक यातून साधनाचा स्वभाव कळतो : साधन एकदा निर्माण झाले की ते निर्मात्याच्या हेतूशी बांधलेले राहत नाही. मराठी भाषेला त्याचा लाभ झाला. धर्मसंज्ञापनाला किती झाला हा वेगळा हिशेब आहे.

त्या हिशेबात मिशनच्या छोट्या पुस्तिका फारशा जमेच्या बाजूस धरता येत नाहीत. त्या आघाताच्या भाषेत लिहिलेल्या होत्या आणि त्यांनी प्रत्याघात निर्माण केला. १८४४ मध्ये मोरभट दांडेकर यांनी मिशनऱ्यांच्या खंडनार्थ 'उपदेशचंद्रिका' मासिक काढले, तेही मुद्रणाच्याच आश्रयाने. 'ज्ञानोदय'ची गोष्ट मात्र निराळी. जून १८४२ मध्ये अहमदनगर (२०२४ पासून अहिल्यानगर) येथे हेन्री बॅलंटाइन यांच्या संपादकत्वाखाली ते निघाले. भूगोल, खगोल, शरीरशास्त्र, देशोदेशीच्या बातम्या आणि धर्मचर्चा असा त्याचा संमिश्र ऐवज होता. पृथ्वीच्या गोलत्वाची माहिती देताना पुराणोक्त भूगोलावर शर टाकायचा, हा डावही त्यात असेच. तथापि नियतकालिकाला पत्रव्यवहार लागतो, आणि पत्रव्यवहाराबरोबर विरोधी मतही छापावे लागते. वादासाठी का होईना, वाचक येथे बोलू लागला. पुस्तिकेत ही सोय नव्हती.

४

छापील संज्ञापनाचा खरा अडसर निरक्षरता हा होता. नगर जिल्ह्याच्या खेड्यांत मिशनचा प्रसार ज्या समाजांत, विशेषतः महार व मांग समाजांत, झाला, त्यांतील बहुसंख्यांना अक्षरओळख नाकारली गेलेली होती. त्यांच्यापर्यंत जायचे तर गीत हाच मार्ग. परंतु आरंभीची उपासनागीते बहुतांशी इंग्रजी गीतांची भाषांतरे होती व ती पाश्चात्त्य चालींवर गाइली जात. येथे छंदशास्त्राचा एक प्रश्न उभा राहतो. इंग्रजी गीताची लय आघातावर उभी असते. मराठी पद्य लघुगुरूंच्या वा अक्षरसंख्येच्या हिशेबाने चालते. परिणामी इंग्रजी चालीचा जोर मराठीतील ऱ्हस्व अक्षरावर पडला की शब्द मोडतो. 'करुणा' या शब्दात पहिली दोन अक्षरे लघू आणि तिसरे गुरू. चालीतील दीर्घ स्वर पहिल्या अक्षरावर आला तर 'का' ऐकू येतो आणि शेवटचा 'णा' घाईने उरकला जातो. गाणाऱ्याला शब्द पाठ असला तरी तो आपला वाटत नाही. अभंगाच्या छंदात ही अडचण उद्भवत नाही, कारण मोठ्या अभंगाच्या सहा-सहा-सहा-चार अक्षरांच्या चरणांत अक्षरे ओढून घेण्यास गाणारा मोकळा असतो.

या जाणिवेतून १८६० नंतरच्या दशकात नगर भागात ख्रिस्ती कीर्तन उदयास आले. कृष्णराव रत्नाजी सांगळे यांचे नाव या संदर्भात अग्रक्रमाने घ्यावे लागते. कीर्तनाचा साचा परिचित : नमन, मूळ पद, त्याचे निरूपण, मग आख्यान, मध्ये साकी, दिंडी, आर्या, अभंग, हातात टाळ वा चिपळ्या, मागे साथीदार. बदलले ते आख्यान. उधळ्या पुत्राची कथा, योसेफाची कथा, ख्रिस्ताचे दुःखसहन ही आख्याने झाली. या प्रयोगाची नवता ऐकणाऱ्याला नवीन वाटत नव्हती, हेच तिचे यश होय. धर्मसंस्थेच्या दृष्टीने जी धाडसी नवी गोष्ट, ती श्रोत्याच्या दृष्टीने गावच्या पारावरची जुनीच गोष्ट होती. देवळातील चाली व वाद्ये उपासनेत आल्याने जुन्या श्रद्धा मागच्या दाराने परत येतील, ही भीती प्रस्थापितांच्या मनात असणे स्वाभाविक होते. भीती अगदीच निराधार म्हणता येणार नाही. रूप हे रिकामे भांडे नसते. ते आपल्याबरोबर काही भाव घेऊन येते. प्रश्न एवढाच की, तो भाव नको असेल तर श्रोत्याच्या मनाशी बोलण्याचा दुसरा मार्ग कोणता?

नारायण वामन टिळकांनी (१८६१–१९१९) या भीतीला उत्तर दिले ते तो भाव उघडपणे स्वीकारून. १८९५ मध्ये त्यांनी बाप्तिस्मा घेतला तेव्हा कवी म्हणून त्यांची घडण झालेली होती. तुकारामाच्या मार्गाने आपण ख्रिस्ताकडे आलो, हे त्यांनी लपविले नाही. त्यांच्या अभंगांत ख्रिस्त 'गुरुमाउली' होतो. स्टीफन्सने पुराणाची चौकट घेतली, त्यामुळे त्याचा श्रोता कथा ऐकतो आणि शंका विचारतो. टिळकांनी अभंगाचा आत्मनिष्ठ स्वर घेतला, त्यामुळे त्यांचा श्रोता गाणारा होतो आणि गाताना कवीच्या जागी स्वतः उभा राहतो. अभंगातील 'मी' हा म्हणणाऱ्याच्या मालकीचा असतो. मराठी उपासनासंगीतात टिळकांच्या रचनांना जे मध्यवर्ती स्थान मिळाले त्याचे कारण केवळ त्यांच्या प्रतिभेत शोधणे पुरेसे नाही. श्रोत्याला कर्ता करणाऱ्या या रूपातही ते आहे.

टिळकांचेच 'ख्रिस्तायन' या दृष्टीने तपासण्यासारखे आहे. ख्रिस्तचरित्राचा हा महाकाव्यसंकल्प त्यांच्या हातून अपुरा राहिला आणि तो लक्ष्मीबाईंनी पूर्ण केला. फारसे औपचारिक शिक्षण नसलेल्या, संसाराच्या रगाड्यात वाचायला शिकलेल्या स्त्रीने पतीचे काव्य पुढे न्यावे, ही घटना कौटुंबिक निष्ठेची म्हणून सांगितली जाते. ती संज्ञापनाच्या इतिहासातलीही आहे. श्रोत्यांच्या पंक्तीत बसलेली व्यक्ती येथे निरूपणकाराच्या जागी आली. १९१२ पासून टिळकांनी 'ज्ञानोदय'च्या मराठी विभागाचे संपादन केले आणि १९१७ मध्ये मिशनचे वेतन सोडून 'देवाचा दरबार' आरंभिला. या मंडळात बाप्तिस्मा घेतलेल्या व न घेतलेल्या दोन्ही प्रकारच्या ख्रिस्तभक्तांना स्थान होते. पुढे दोनच वर्षांत टिळक निवर्तले. दरबार टिकला नाही. संस्था म्हणून त्याचे अपयश स्पष्ट आहे, मात्र चर्चच्या उंबरठ्याबाहेरील माणसाशी त्याच्या स्थानावरूनच बोलावे ही कल्पना यापूर्वी इतक्या निःसंदिग्धपणे कोणी मांडली नव्हती.

५

पंडिता रमाबाईंचे बायबल-भाषांतर या इतिहासात एक अवघड जागा आहे. रमाबाईंचे (१८५८–१९२२) म्हणणे असे की, प्रचलित मराठी भाषांतराची भाषा खेड्यातील अल्पशिक्षित स्त्रीला कळत नाही. त्यासाठी संस्कृतच्या या विदुषीने उतारवयात हिब्रू व ग्रीक भाषांचा अभ्यास केला आणि संस्कृतप्रचुर शब्दांचा मोह आवरून सोप्या मराठीत भाषांतर केले. केडगावच्या मुक्ती मिशनमध्ये खिळे जुळविण्यापासून बांधणीपर्यंतचे काम दुष्काळातून व निराधार अवस्थेतून आलेल्या मुलींनी व स्त्रियांनी केले. एप्रिल १९२२ मध्ये रमाबाईंचे निधन झाले त्याआधी काम जवळपास पुरे झाले होते. संपूर्ण ग्रंथ १९२४ मध्ये प्रसिद्ध झाला.

फलिताच्या निकषावर हा प्रयोग यशस्वी म्हणता येत नाही. मुळाशी एकनिष्ठ राहण्याच्या आग्रहामुळे वाक्यरचना अनेक ठिकाणी अवघडली आणि सोपे शब्द असूनही वाक्य सोपे राहिले नाही. चर्चमध्ये बायबल सोसायटीचे भाषांतरच चालू राहिले. परंतु प्रक्रियेच्या दृष्टीने पाहता साधन आणि श्रोता यांचे नाते येथे प्रथमच पालटले. जिच्यासाठी ग्रंथ छापायचा, तीच तो जुळवीत होती. उलट्या खिळ्यांतून हिब्रू-ग्रीक टिपणांसह धर्मग्रंथ जुळविणारी विधवा हे दृश्य त्या काळच्या कोणत्याही धर्मसंस्थेत दुर्मिळ होते. नवतेचे मूल्य केवळ किती प्रती खपल्या यावर ठरवायचे नसेल, तर केडगावचा छापखाना मुंबईच्या छापखान्याच्या जोडीने अभ्यासला पाहिजे. मराठीतील मुद्रणेतिहासांनी तो तसा अभ्यासलेला नाही.

६

कॅथलिक परंपरेत देशी भाषेला उपासनेचे अधिकृत स्थान मिळाले ते दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनंतर. ४ डिसेंबर १९६३ रोजी परिषदेने दोन दस्तऐवज एकाच दिवशी संमत केले : एक उपासनाविधीविषयी, ज्याने लोकभाषेचा मार्ग मोकळा केला, दुसरा मुद्रण, चित्रपट, आकाशवाणी, दूरचित्रवाणी या संज्ञापनसाधनांविषयी. रूप आणि साधन यांचा असा एकाच दिवशीचा विचार योगायोग असेल, तरी अर्थपूर्ण आहे. त्यांतही सामान्य भाविकाच्या जीवनावर पहिल्याचा परिणाम अधिक खोल झाला. लॅटिन मिस्सेत मूकपणे बसणारा वसईचा शेतकरी वा कोळी आता मराठीत प्रतिसाद देऊ लागला. त्यासाठी कोणतेही नवे यंत्र लागले नाही.

वसईतील 'सुवार्ता' मासिकाचा प्रवास याच प्रतिसादाचा विस्तार म्हणून पाहता येतो. फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांनी १९८३ पासून सुमारे पाव शतक त्याचे संपादन केले. या काळात मासिकाने धर्मग्रामाच्या वार्तापत्राची मर्यादा ओलांडली. वसईतील पाणी, शेतजमीन, बांधकामांचे आक्रमण आणि त्यावरील दहशत हे विषय त्यात आले आणि ख्रिस्तेतर लेखक-वाचक त्याच्याशी जोडले गेले. श्रोत्याचे ऐहिक दुःख हा धर्मसंज्ञापनाचा विषय होऊ शकतो, ही येथील नवता. दिब्रिटो यांचे 'सुबोध बायबल' २०१० मध्ये आले व त्यास २०१३ चा साहित्य अकादमीचा अनुवाद पुरस्कार लाभला. २०२० च्या उस्मानाबाद येथील अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचे ते अध्यक्ष होते. २०२४ मध्ये त्यांचे निधन झाले. स्टीफन्सनंतर चार शतकांनी मराठी वाङ्मयाच्या मुख्य व्यासपीठावर एका कॅथलिक धर्मगुरूला हे स्थान मिळाले, ते प्रकरणाबाहेरचा लेखक म्हणून.

त्याच वर्षीच्या मार्च महिन्यात टाळेबंदी आली आणि उपासना घरोघरच्या पडद्यावर गेली. साधनाच्या नवतेचा एवढा वेगवान स्वीकार ख्रिस्ती समाजात पूर्वी कधी झाला नव्हता. गोव्यातील छापखान्याला देशी भाषेत बोलू लागण्यास जेवढी दशके लागली तेवढे दिवसही येथे लागले नाहीत. आजारी, वृद्ध व परदेशी गेलेल्या मराठी ख्रिस्ती कुटुंबांना त्याचा मोठा आधार झाला, हे निर्विवाद. तथापि पडद्यावरील उपासनेत वेदीवरचा आवाज घरात येतो, घरातील आवाज वेदीपर्यंत जात नाही. कीर्तनात ध्रुपद उचलणारे साथीदार, पुराणात शंका विचारणारा श्रोता, मिस्सेत उत्तर देणारा समुदाय यांची जागा या साधनात अजून सिद्ध झालेली नाही. त्या जागेचा शोध घ्यायचा तर जुनी सामग्री हाताशी असणे आवश्यक आहे, आणि तेथे स्थिती निराशाजनक आहे. ख्रिस्तपुराणाची देवनागरी आवृत्ती शांताराम बंडेलू यांनी १९५६ मध्ये आणि कारिदाद द्राग यांनी १९९६ मध्ये उपलब्ध करून दिली, त्यामुळे त्या ग्रंथाचा अभ्यास तरी शक्य झाला. नगर, सोलापूर, जालना या भागांतील ख्रिस्ती कीर्तनकारांची आख्याने, त्यांच्या वह्या, त्यांच्या चाली यांचे संकलन अद्याप कोणत्याही विद्यापीठीय विभागाने पद्धतशीरपणे हाती घेतलेले आढळत नाही. वह्या कुटुंबांच्या ट्रंकांत आहेत. चाली मात्र ज्यांच्या गळ्यात आहेत त्यांचे वय झाले आहे.